पाण्यातली लेकरे आणि घरातला दिवा

गळ्यात तुळशीची माळ पडली की माणसाच्या ताटातून मासळी जाते. हा नियम कोणी कायद्याने घातलेला नाही. ज्याच्या मुखी विठ्ठलाचे नाव आले त्याच्या हातून जीव मारला जाऊ नये, एवढी साधी समजूत त्याच्या मुळाशी आहे. पाणी गाळून प्यावे, दिव्यावर पतंग झडप घालील म्हणून काच लावावी, चातुर्मासात पायाखाली किडामुंगी सापडेल म्हणून जपून चालावे, असे आपल्या घराघरांतून चालत आले आहे. मग प्रश्न असा उभा राहतो, की ज्या दिव्याखाली बसून आपण हरिपाठ म्हणतो तो दिवा लागावा म्हणून कोठे तरी पाण्यातली कोट्यवधी पिले मरत असतील, तर त्या मरणाशी आपल्या माळेचा काही संबंध आहे की नाही? मासा न खाणारा मनुष्य मासे न मारणारा ठरतो का?

हा प्रश्न कोणी आपल्याला टोचून विचारण्यापूर्वी आपणच आपल्याला विचारलेला बरा. त्यासाठी आधी वस्तुस्थिती काय ती समजून घेऊ.

कोळशावर वीज होते ती कशी? कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेच्या जोराने चक्र फिरवतात. चक्र फिरवून झालेली वाफ पुन्हा पाणी व्हावी लागते, त्याशिवाय पुढचे रहाटगाडगे चालत नाही. ती थंड करण्यासाठी हजारो नळ्यांचे एक मोठे भांडे असते. नळ्यांच्या आतून थंड पाणी वाहते, बाहेरून वाफ निवते. कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा काय तो वीज होतो. उरलेल्यातला मोठा भाग हे थंड पाणीच पोटात घेते. म्हणून वीजघर नेहमी नदी, धरण नाही तर समुद्र जवळ धरून बसते. अणूवर चालणाऱ्या केंद्रालाही हेच लागू. १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झाले, ते अरबी समुद्राच्या काठी झाले, त्याचे एक कारण हेच.

आता हे पाणी काही रिकामे नसते. पाणी म्हणजे भरलेले घर आहे. पंप पाणी ओढतो तेव्हा तोंडाशी लोखंडी गज असतात, त्यांच्या आत फिरती जाळी असते. लाकूड, शेवाळ, कचरा तेथे अडतो. मोठा मासाही तेथेच अडतो. पाण्याचा जोर त्याला जाळीवर दाबून धरतो, त्याला मागे फिरता येत नाही, कल्ले हलवता येत नाहीत, आणि तो तेथेच गुदमरतो. जाळीची भोके पुष्कळ ठिकाणी सुमारे एक सेंटीमीटरची असतात. त्यातून जी पार होतात ती अगदी लहान पिले. आपल्याकडे मत्स्यव्यवसायात यांना फार नेमके शब्द आहेत. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांना जिरे म्हणतात, कारण ती दिसतात जिऱ्यासारखी. जरा मोठी झाली की मत्स्यबीज, आणि बोटाएवढी झाली की बोटुकली. जाळी अडवते बोटुकलीला. जिरे मात्र आत जाते. आत पंपाची पाती, दाबाचा चढउतार, आणि नळ्यांत शेवाळ धरू नये म्हणून घातलेले क्लोरीन. त्यातच एका क्षणात आठ-दहा अंशांनी चढलेली उष्णता. ज्या देहाला अजून खवलेही धरलेले नाहीत त्याने हे कसे सोसावे? काही वाचतात, पुष्कळ मरतात. मेलेली पिले कोणाला दिसत नाहीत. पाण्याला नुसता किंचित गढूळपणा येतो, एवढेच.

हे सगळे बुटीबोरीवाल्यांनी दूरची गोष्ट समजू नये. नागपूरच्या दक्षिणेला हे गाव; शेजारून वेणा वाहते. वेणा पुढे वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता जाते गोदावरीला. म्हणजे रुक्मिणीमातेचे माहेर कौंडण्यपूर जिच्या काठी आहे ती वर्धा, आणि नाथमहाराजांचे पैठण जिच्या काठी आहे ती गोदावरी, या दोघींशी आपल्या वेणेचे पाणी नाते सांगते. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत ६०० मेगावॅटचे, म्हणजे तीनशे-तीनशेच्या दोन संचांचे, कोळशावरचे वीजघर उभे राहिले. ते २०१९ च्या जानेवारीत बंद पडले, आणि २०२५ च्या जुलैत त्याची मालकी नव्या हातात गेली. मालक कोण, नफा कोणाचा, हा या पानांचा विषय नाही. आपला विषय एवढाच, की वीजघराच्या नळाला तोंड एक असले, तरी त्याला लागलेले हात आपल्या सर्वांचे असतात.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. नदी, तलाव किंवा धरण यांचे पाणी वापरणारी जी वीजघरे १९९९ च्या जूननंतर उभी राहिली, त्यांना थंडाव्याचे मनोरे बांधणे कायद्याने सक्तीचे आहे. २०१५ च्या डिसेंबरात नियम आणखी कडक झाले: जुन्या केंद्रांनी एका युनिट विजेमागे सर्व कामांना मिळून साडेतीन लिटरच्या वर पाणी वापरू नये. मनोऱ्यात तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरते, जेवढे वाफ होऊन उडते तेवढीच भर घालावी लागते. मनोरा नसला, आणि पाणी एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूने ऊन करून सोडून दिले, तर त्याच एका युनिटामागे शंभर-दीडशे लिटर पाणी नळ्यांतून जाते. साडेतीन लिटर कोठे आणि दीडशे लिटर कोठे! जितके पाणी कमी ओढले तितकी पिले कमी ओढली गेली, हा सरळ हिशेब आहे. समुद्राचे पाणी वापरणाऱ्या केंद्रांना मात्र २०१८ साली मनोऱ्याच्या सक्तीतून सूट मिळाली. तेव्हा आपल्या विदर्भातले पाप किनाऱ्यापेक्षा हलके आहे, असे म्हणता येईल. पण हलके म्हणजे नाहीच असे नव्हे. सहाशे मेगावॅटचे केंद्र पूर्ण भाराने चालले, तर साडेतीन लिटरच्या मापाने दिवसाला पाच कोटी लिटर पाणी लागते. शिवाय मनोऱ्यात शिरलेले पिलू परत नदीत येत नाही. तेथे जे गेले ते गेलेच.

आता शंका-समाधान.

पहिली शंका: आम्ही काही मारले नाही, मारण्याची इच्छाही नाही, मग आम्हाला दोष कसला? शास्त्राने हिंसेचे तीन प्रकार केले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि होत असताना मान हलवून संमती दिलेली. बटण दाबणारा पहिल्यात नसेल. पण दुसऱ्या-तिसऱ्यातून तो सुटतो असे छातीला हात लावून कोण म्हणेल? इच्छा नव्हती हे खरे, आणि त्याने दोषाचा भार निश्चित कमी होतो. पण जोवर ठाऊक नव्हते तोवर इच्छेचा आधार घेता येतो. ठाऊक झाल्यावर ‘मला माहीत नव्हते’ हे वाक्य तोंडातून जाते, आणि ‘मला जाणून घ्यायचे नव्हते’ हे वाक्य त्याच्या जागी येऊन बसते. पहिले अज्ञान आहे, दुसरा आळस आहे. देव अज्ञानाला क्षमा करतो असे आपण मानतो. आळसाबद्दल तसे कोठे ऐकिवात नाही.

दुसरी शंका जास्त हुशारीची आहे. म्हणतात, अहो, एक रोहू लाखांनी अंडी घालते. त्यातली बहुतेक पिले बेडूक, किडे, मोठे मासे खाऊनच टाकतात. हजारात एखाददुसरे मोठे होते. मग यंत्राने थोडी खाल्ली तर काय बिघडले? निसर्गाच्या वहीत ती आधीच खर्ची पडलेली होती! हा हिशेब वरवर बरोबर दिसतो, आणि एका अर्थी तो खराही आहे: मेलेले दर जिरे म्हणजे एक मोठा मासा गेला असे धरणे चुकीचे होईल. पण दोन गोष्टी विसरू नका. एक, नदीतले जिरे जो किडा खातो, त्या किड्याला मासा खातो, माशाला बगळा खातो. तेथे मरणही कोणाचे तरी जेवण होते. नळीत मेलेले जिरे कोणाचे ताट भरत नाही. दुसरे असे, की अनेक संकटे आधीच आहेत म्हणून आणखी एक घालावे, हा न्याय कोठला? दुष्काळात पुष्कळ दगावतात म्हणून कोणी गावच्या विहिरीवर कुलूप घालत नाही. आणि लाखांतून एक वाचणार होते हे जर खरे, तर ते एक कोणते होते हे पंपाला ठाऊक नसते. पुढच्या वर्षी ज्याच्या पोटी नदी पुन्हा भरणार होती, तेच एक तो ओढून नेत नसेल कशावरून?

तिसरी शंका मात्र प्रामाणिक आहे, आणि तिला प्रामाणिकच उत्तर पाहिजे. मग दिवे विझवायचे का? दवाखान्यात वीज नको, शेतातल्या मोटारीला नको, पोराला अभ्यासाला नको? जीव जगतो तो दुसऱ्या जीवावर. श्वास घेतला तरी हिंसा होते. अशाने जगायचे कसे?

वाचकहो, याचे उत्तर आपल्या जुन्या माणसांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. गृहस्थाच्या घरात पाच वधस्थाने असतात असे धर्मशास्त्र सांगते. त्यांना पंचसूना म्हणतात. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. ही पाचही घरची माउली रोज हाताळते. त्यांत कोणी क्रूर नाही, कोणी शस्त्र नाही. तरी शास्त्राने त्यांना वधस्थान म्हटले, कारण चुलीत किडे जळतात, केरसुणीखाली मुंग्या चिरडतात, घड्यात पाण्याचे जीव मरतात. आता पाहा, शास्त्राने काय केले आणि काय केले नाही. चूल विझवा असे सांगितले नाही. आणि ‘इलाज नाही, म्हणून दोषही नाही’ असेही सांगितले नाही. सांगितले ते असे: हे होते आहे हे ओळखा, त्याला त्याच्या नावाने हाक मारा, आणि त्याची भरपाई रोज करा. त्या भरपाईसाठी पंचमहायज्ञ आले. त्यांतला भूतयज्ञ म्हणजे आपल्या जेवणाआधी कुत्र्या-कावळ्याचा, किडामुंगीचा घास बाजूला काढणे.

वीजघर म्हणजे दुसरे काय? ती गावोगावची एकत्र झालेली चूल आहे आणि एकत्र झालेला पाण्याचा घडा आहे. पूर्वी चूल आपल्या डोळ्यांसमोर होती, म्हणून घास काढायची आठवण राहत असे. आता चूल पन्नास कोसांवर गेली आणि घडा धरणात बुडाला. पापाला पत्ता उरला नाही, म्हणून यज्ञही बंद पडला. दोष विजेचा नाही. घास काढायचा राहिला, हा दोष आहे.

मत्स्यावताराची कथा आपण सारे ऐकतो. शतपथ ब्राह्मणात ती फार साधेपणाने आली आहे. सकाळी हात धुवायला मनूला पाणी आणून दिले, तर ओंजळीत एक एवढेसे पिलू आले. ते म्हणाले, मला सांभाळ. मोठे मासे लहानांना गिळतात, तोवर मला जप. मनूने त्याला भांड्यात ठेवले, मग खड्ड्यात, आणि वाढल्यावर समुद्रात सोडले. पुढे प्रलय आला तेव्हा त्याच माशाने मनूची नाव ओढून पार नेली. आपण या कथेत प्रलय आणि नाव लक्षात ठेवतो. मला वाटते, सारा धर्म त्या आधीच्या ओंजळीत आहे. मनू मासे पकडायला गेला नव्हता. तो आपल्या कामासाठी पाणी घेत होता, वीजघर घेते तसेच. त्या पाण्यात कोणी तरी आहे एवढे त्याने पाहिले. हात धुण्याचे काम क्षणभर थांबवले. भगवंत पहिल्यांदा आला तो पिलाच्या रूपाने, आणि त्याचे पहिले मागणे ‘माझी पूजा कर’ असे नव्हते, ‘मला वाचव’ असे होते.

येथे मनाला लागणारी आणखी एक गोष्ट बोलून टाकली पाहिजे. आपल्या गावात ढीवर आहेत, भोई आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ते नदीवर जगतात. ढीवराच्या जाळ्यात मासा येतो, तो विकून त्याचे घर चालते. दिंडीत तो टाळ घेऊन आला, तर काही माळकऱ्यांच्या कपाळाला बारीकशी आठी पडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण न्याय करा. ढीवराने एक मासा धरला, तो डोळ्यांदेखत धरला, आणि त्याचा भार तो जाणतो. धरणात बोटुकली सोडायला पैसे घालणाऱ्या मच्छीमार संस्था त्याच्याच बांधवांच्या आहेत. त्याला पुढच्या साली मासा हवा आहे. समुद्रावरच्या कोळ्याला १ जून ते ३१ जुलै जाळे टाकायची बंदी आहे, कारण तो माशांच्या विणीचा काळ. तो दोन महिने होडी ओढून ठेवतो. पंपाला मात्र ना आषाढी आहे, ना एकादशी. आपण मासा न खाता, जाळे हातात न धरता, कळ दाबून जितक्या जिवांच्या मरणात भागीदार होतो, तितके त्या बिचाऱ्याच्या जाळ्यात जन्मात येणार नाहीत. विठोबाच्या कानांत मकरकुंडले आहेत, आणि लोक अशी गोष्ट सांगतात की एका कोळ्याने भक्तीने दोन मासे आणले, तेव्हा देवाने ते टाकले नाहीत, कानांत घातले. गोष्ट लोकांची आहे, पण तिच्यातला देव आपल्या ओळखीचा आहे. देवाने ज्याला कानाशी जागा दिली त्याला आपण दिंडीत मागे ढकलू नये. शुचितेचा अभिमान धरण्याइतके आपले हात कोरडे नाहीत.

मग करायचे काय? नुसती हळहळ हा धर्म नव्हे. भूतयज्ञात घास हाताने काढावा लागतो.

पहिला घास आपल्या घरातला. दर युनिटामागे पाणी लागते, म्हणजे वाचवलेल्या दर युनिटामागे पाणी नदीतच राहते. सप्ताहाच्या मंडपाला रात्रभर लखलखाट कशाला पाहिजे? कीर्तन संपले, पांगापांग झाली की वीणेकऱ्यापुरता एक दिवा पुरतो. ज्या मंदिराला शक्य आहे त्याने छपरावर सौर पॅनेल बसवावे. त्याला थंड करायला नदी लागत नाही. रोहू, कटला, मृगळ हे मासे आषाढ-श्रावणाच्या पुरात, वाहत्या पाण्यात अंडी घालतात, आणि अंड्यातून जिरे एका दिवसाच्या आत बाहेर येते. नेमका तोच आपल्या वारीचा आणि चातुर्मासाचा काळ. चातुर्मासात आपण कांदा-लसूण सोडतो, वांगे सोडतो. त्यात या पिलांसाठी विजेचा एक वायफळ वापर सोडण्याचा नेम जोडला, तर व्रत वाढले असे कोणी म्हणणार नाही.

दुसरा घास गावाचा. नागपूर शहराच्या सांडपाण्यावर भांडेवाडीला प्रक्रिया करून ते पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना देण्याची सोय झाली आहे. माणसांनी वापरून टाकलेले पाणी. त्यात कोणाचे जिरे नाही, बोटुकली नाही. तेवढे पाणी धरणात राहते, आणि त्यातले जीवही राहतात. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आत जे वीजघर आहे त्याने ते पाणी वापरावे, असे २०१६ च्या केंद्राच्या वीजदर धोरणातच लिहिले आहे. बुटीबोरी नागपूरपासून पन्नास किलोमीटरच्या आतच आहे. ग्रामसभेत उठून एवढेच विचारा: वीजघर चालेल तेव्हा त्याचे पाणी कोठून येणार? पाण्याच्या तोंडाशी जाळी कसली असणार? पाणी किती वेगाने ओढणार? वेग मंद असला तर मासा पोहून मागे फिरू शकतो. अमेरिकेत २०१४ च्या नियमांनी सेकंदाला अर्धा फूट हा वेग एक माप म्हणून घालून दिला. बारीक जाळी आणि मंद ओढ, यात कोणाची वीज तुटत नाही. असे विचारणे हा वैर करणे नव्हे; पंगतीला बसण्यापूर्वी पान पुसून घेतो, तसेच ते आहे.

यावर कोणी म्हणेल, खर्च किती, आणि वाचतील ती पिले किती किमतीची? हा वाद अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पाणी ओढण्याच्या जागी उपलब्ध असलेले उत्तम तंत्र वापरावे असा तेथे १९७२ पासूनचा कायदा आहे. आणि ते ठरवताना खर्च व लाभ ताडून पाहण्यास हरकत नाही, असा निकाल २००९ साली लागला. न्यायालयाला तसे करावे लागत असेल, राज्यकारभारात पैसा मोजावाच लागतो. आपण मात्र एवढे ध्यानात ठेवावे, की जी वस्तू बाजारात विकली जात नाही तिची किंमत शून्य, असे धरले तर पहिल्यांदा नामस्मरणच फुकट जाईल. जिऱ्याएवढ्या पिलाची किंमत मोजता येत नाही याचा अर्थ ती नाही असा होत नाही. आपल्या मापात ती मावत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सारांश, माळ आपल्याला निर्दोष ठरवण्यासाठी गळ्यात नाही. ती आठवण ठेवण्यासाठी आहे. जगायचे तर हिंसा पूर्ण टळत नाही, हे खरे. पण टळणारी किती आणि न टळणारी किती, हे रोज पाहणे माणसाच्या हातात आहे. टळणारी टाळावी. न टळणारीचे ऋण मानावे, आणि ते फेडण्यासाठी घरात थोडे, गावात थोडे करीत राहावे. संध्याकाळी दिवा लावताना आपण हात जोडतो. त्या वेळी ज्यांच्या पाण्यातून तो दिवा पेटला त्या वेणेतल्या, वर्धेतल्या अनाम लेकरांनाही एक नमस्कार पोचू द्या. आणि निजण्यापूर्वी तोच दिवा आठवणीने मालवा.

रामकृष्णहरि.